बंब कुणी जाळला

आमच्या त्या घरात तीन बिऱ्हाडं होती आणि बंब एकच होता. तांब्याचा, कमरेएवढा उंच, पितळी तोटीचा. तो घरमालकाचा होता, म्हणजे भाड्याबरोबर वापरायला दिलेला. न्हाणीघर सामाईक, बंबही सामाईक. ज्यानं पेटवायचा त्यानं आधी पाणी भरायचं आणि आपलं झालं की पुढच्यासाठी पुन्हा भरून ठेवायचं, एवढा एकच नियम होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता. बंबात पाणी नसताना जाळ केला तर सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब कामातून जातो, हे सगळ्यांना माहीत होतं.

लढाईची वर्षं होती. मी नुकती मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. एकोणीस संपून विसावं लागलं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. ते कोर्टात नकलनवीस होते. निकालांच्या, अर्जांच्या, कैफियतींच्या नकला करायच्या, हेच त्यांचं आयुष्य. अक्षर मोत्यासारखं. कोर्टात आणि आमच्या गल्लीत त्यांचा शब्द प्रमाण मानत. कुणाची तक्रार असली की लोक म्हणत, अण्णांना विचारा, ते खोटं सांगायचे नाहीत. मलाही त्या गोष्टीचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

दुसरं बिऱ्हाड एका कंपौंडरचं. नवरा-बायको दोघंच. नवरा दिवसभर दवाखान्यात, बायको घरात. तिसरं बिऱ्हाड तिसगावकडच्या एका बाईंचं. त्यांचा नवरा पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडे गेला होता. सासरी थोडी जमीन होती, दीर ती कसत होते. पण या बाई दोन मुलींना घेऊन नगरला आल्या होत्या, कारण मुलींना शिकवायचं त्यांनी मनात घेतलं होतं. सासरच्यांनी विरोध केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "तुमी जमीन सांभाळा, मी पोरी सांभाळते." वाकळा शिवून आणि लोकांच्या मिरच्या कुटून त्या घर चालवत. थोरली मुलगी माझ्याच वर्गात होती. मी त्यांना वहिनी म्हणत असे, त्या मला बाई म्हणत.

अण्णा त्यांची पत्रं लिहून देत. पंधरा दिवसांतून एकदा वहिनी पोस्टकार्ड घेऊन येत, उंबऱ्याजवळ बसत आणि नवऱ्याला काय कळवायचं ते सांगत. अण्णा सांगितलं तसं लिहीत. वहिनींची बोली ते सुधारत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पत्र तिचं आहे, माझं नाही."

एका रविवारी सकाळी कंपौंडरीणबाई बंबात पाणी ओतायला गेल्या आणि ओतलेलं पाणी खालून वाहायला लागलं. आम्ही सगळे जमलो. बंबाचा तळ एका बाजूनं सुटला होता. मधली नळी कलंडली होती आणि तांबं जांभळं-काळं पडलं होतं. कुणीतरी तो कोरडा पेटवला होता, यात शंका नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः त्याच बंबाच्या पाण्यानं न्हाले होते, माझ्यामागून आणखीही कुणीतरी. शनिवारी सकाळी सगळ्यांचीच घाई होती, कुणी पेटवला नव्हता. मग जे झालं ते शनिवारी दिवसा झालं होतं.

कंपौंडर स्वतः जाऊन घरमालकाला घेऊन आले. घरमालकाचं, म्हणजे शेठचं, भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दिवसांत तांबं-पितळ मिळणं मुश्कील झालं होतं, त्यामुळे बंब बघून ते खरोखरच हळहळले. मग सरळ वहिनींकडे वळले.

"शनिवारी दुपारी घरात कोण होतं? अण्णा कोर्टात, ही शाळेत, कंपौंडर दवाखान्यात."

कंपौंडरीणबाई पटकन म्हणाल्या, "मी माहेरी गेले होते. सावेडीला. दिवे लागताना आले."

"मग राहिली तू," शेठ वहिनींना म्हणाले. "खेड्यात कधी बंब बघितला होतास का? पाणी भरायचं असतं हे तरी ठाऊक होतं का?"

वहिनी आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, हाताला मिरचीचा लाल रंग. त्यांचा आवाज चढला नाही.

"मी बंब पेटवला न्हाई, शेठ. आमी गार पान्यानं न्हातो. धाकटीला पडसं आलं तर चुलीवर तांब्याभर पानी तापवते. तुमच्या बंबाला मी आजवर हात लावल्याला न्हाई."

"मग भुतानं पेटवला?"

"ते मला काय ठावं."

शेठनी फार वेळ घालवला नाही. म्हणाले, महिनाअखेर खोली रिकामी कर. बंबाची भरपाई मागत नाही, बाईमाणूस आहेस म्हणून. पण असली माणसं मला घरात नकोत.

मी पुढे झाले. "शेठ, यांनीच जाळला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुसरं कोण आहे?"

"दुसरं कोण आहे ते शोधलंत का? तांबटाला बोलवा. बंब दुरुस्तीला द्यावाच लागणार आहे. त्याला उघडून बघू दे, मग बोला."

"तू आत जा," अण्णा मागून म्हणाले. अगदी हळू म्हणाले. मी गेले नाही. मी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही, नाहीतर कदाचित तेव्हाच मला काही दिसलं असतं.

शेठ म्हणाले, पुढच्या रविवारी तांबट येईल, तोवर बंबाला कुणी हात लावायचा नाही. आणि जाता जाता वहिनींना म्हणाले, "तू मात्र सामान बांधायला लाग."

तो आठवडा मला चांगला आठवतो. शाळेत जाता-येता मी डोक्यात भाषणं जुळवत असे. गरीब आहे म्हणून, खेड्यातली आहे म्हणून, नवरा जवळ नाही म्हणून आळ घेता? असं मी शेठना सुनावणार होते. घरी आल्यावर तेच अण्णांना ऐकवत होते. ते वर्तमानपत्र वाचत बसायचे. एकदा म्हणाले, "आपल्याला काय करायचंय त्यात? शेठचं घर, शेठचा बंब." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही असं बोलता?" त्यावर त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांना त्या आठवड्यात थोडा तापही होता. मला वाटलं, आजारपणामुळे बोलत नसतील.

कंपौंडरांनी मला वाटेत गाठून सांगितलं, "तू उगाच पडतेस यात. कॅम्पातल्या एका ठेकेदाराला कारकुनासाठी खोली हवी आहे. दुप्पट भाडं देतोय. बंब हे निमित्त आहे." मी विचारलं, "मग हे तुम्ही सगळ्यांसमोर का नाही बोललात?" ते म्हणाले, "मला राहायचंय इथं."

गुरुवारी संध्याकाळी वहिनी पोस्टकार्ड घेऊन आल्या. नेहमीच्या जागी बसल्या. अण्णांनी टाक शाईत बुडवला. मी कंदिलाची काच पुसत होते.

वहिनी सांगू लागल्या. "लिवा, आमी समद्या खुशाल हाय. थोरलीचा पैला नंबर आला. धाकटी पाढे म्हनते." अण्णा लिहीत होते. "लिवा, शेठनी खोली सोडाया सांगितली हाय. बंब जळला म्हनून माझ्यावर आळ आलाय." टाक थांबला. वहिनी वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिवा, अण्णा. मी काय बी केल्यालं न्हाई. तुमी काळजी करू नका. मी हितनं हलनार न्हाई."

अण्णांनी ते सगळं लिहिलं, शब्दाला शब्द. वाचून दाखवताना मात्र त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि शेवटचं वाक्य मीच वाचलं. वहिनींनी कार्ड घेतलं, पदरात बांधलं आणि गेल्या. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. ताप आहे म्हणाले.

रविवारी तांबट आला. म्हातारा माणूस, त्यांना सगळे मामा म्हणत. शेठ आले, आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. मामांनी बंब आडवा केला आणि नळीवर दोन-चार टिचक्या मारल्या. म्हणाले, "पाणी नसताना पेटवलाय. आणि जाळ सावकाश नाही केलेला, एकदम भडका केलाय. कागद घातलेत भरपूर."

"कागद कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी खालची जाळी काढली आणि राख एका फुटक्या कौलावर ओतली. राखेत बोट फिरवून त्यांनी काहीतरी वेचलं आणि तळहातावर घेऊन दाखवलं. टाचण्या होत्या. सात-आठ. काळ्या पडलेल्या, पण टाचण्याच.

त्या घरात टाचण्या एकाच खोलीत येत. कोर्टात बिघडलेल्या नकलांचे कागद अण्णा घरी आणत. पाठकोरे असले तर मी शाळेच्या टिपणांना वापरायची, नाहीतर ते जाळायला उपयोगी पडत, कारण रॉकेल मिळत नव्हतं. एकमेकांना टाचलेले ते कागद टाचण्या न काढताच आम्ही चुलीत घालत होतो. आमच्या चुलीच्या राखेत रोज टाचण्या निघत. मी त्या चाळून वेगळ्या ठेवत असे, भांडी घासताना बोटांत शिरू नयेत म्हणून.

मी अण्णांकडे बघितलं. ते दारात उभे होते. त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. तेवढ्यानं मला सगळं कळलं. शनिवारी मी शाळेतून आले तेव्हा त्यांचा ओला पंचा दोरीवर होता आणि खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास होता. ते म्हणाले होते, सर्दी झाली म्हणून कोर्टातून लवकर निघालो. किती लवकर, हे मी विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला गप्प बसावंसं वाटलं. अगदी थोडा वेळ, पण वाटलं. टाचण्यांचा अर्थ तिथं दुसऱ्या कुणाला कळला नव्हता. मी आठ दिवस तोंड वर करून न्यायाच्या गोष्टी बोलले होते आणि आता तो न्याय माझ्याच दारात येऊन उभा होता. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या टाचण्यांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"या टाचण्या आमच्या घरातल्या आहेत," मी म्हटलं.

शेठ हसले. "अगं, मग काय झालं? तुम्ही टाकलेले कागद हिनं उचलून नेले असतील. यांना काय, जळेल ते जाळायचं."

जे बोलायचं ते आता एकच माणूस बोलू शकत होता. मी म्हटलं, "अण्णा, शनिवारी तुम्ही किती वाजता घरी आलात?"

मुलीनं बापाला चार माणसांत असं विचारणं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. कंपौंडरीणबाईंनी तोंडावर पदर धरला.

अण्णा पायरी उतरून खाली आले.

"बारा वाजता," ते म्हणाले. "बंब मी पेटवला. वाफ घ्यायला आणि न्हायला पाणी हवं होतं. शुक्रवारी शेवटी न्हाणाऱ्यानं पाणी भरून ठेवलं असेल असं धरून चाललो. झाकण उघडून बघितलं नाही. कागद घातले आणि पडलो. डोळा लागला. उठून तोटी सोडली तर थेंब आला नाही. राख विझवून आलो, चुलीवर पाणी तापवून वाफ घेतली, अंग पुसलं आणि गप्प बसलो." मग वहिनींकडे बघून म्हणाले, "आठ दिवस गप्प बसलो."

शेठनी एकदा बंबाकडे, एकदा अण्णांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "बरं. तुम्ही भले माणूस आहात, अण्णा. दुरुस्ती तुम्ही करून द्या, विषय संपला."

"आणि वहिनींची खोली?" मी विचारलं.

"ती त्यांनी महिनाअखेर सोडायची. ते ठरलंय."

"कशाबद्दल?"

"माझं घर आहे."

म्हणजे कंपौंडर म्हणाले ते खरं होतं. मी कंपौंडरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. बोलल्या त्या त्यांच्या बायको, ज्या कधी शेठसमोर बोलत नसत. म्हणाल्या, "मग आम्हाला पण सांगा, आमच्यावर कसला आळ घेणार ते. म्हणजे आम्ही आधीच तयारी ठेवू." नवऱ्यानं त्यांचा दंड धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. शेठ निघून गेले.

दुपारी मी वहिनींच्या खोलीत गेले. माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. त्या जोंधळे निवडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, आम्हाला माहीत नव्हतं. निदान मला तरी नव्हतं."

"मला हुतं," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले.

"शनवारी मी पान्याला गेल्ते, परत आले तवा न्हानीतनं धूर येत हुता. अण्णा बाहेर आलेलं मी बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? कोर्टातल्या मानसावर खेड्यातल्या बाईनं आळ घेतला असं म्हनले असते. तुमी पन म्हनला असता, बाई. खरं सांगा." मी मान खाली घातली. "आन दुसरं म्हंजी, मला वाटलं अण्णा सोता सांगतील. चांगला मानूस हाय. म्हनून बेस्तरवारी मी पत्र लिवून घ्यायला आले. म्हटलं, आता तरी सांगतील."

मग मी म्हटलं, "निदान आता आळ घेऊन तुम्हाला कुणी काढू शकत नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमी बोलला नसता तरी मी हलनार नव्हते. नवऱ्याला तसं कळवलंच हुतं. हात धरून काढलं असतं तर दारात बसले असते. पोरींची परीक्षा हाय."

त्या संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "तू थोडी वाट बघितली असतीस तर मी आपणहून बोललो असतो." मी त्यांना सांगितलं की वाट तर वहिनींनी बघितली, आठ दिवस, आणि पत्र लिहून घेण्याच्या निमित्तानं समोर येऊन बसल्या तेव्हाही बघितली. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मी त्यांची समजूत घातली नाही. मला राग होता आणि तो मी झाकला नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ते कोर्टातून आले आणि कपडे न बदलता कागद घेऊन अंगणात बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर उतरवले होते, ती संध्याकाळ त्यांनी स्वतःचा मजकूर लिहिण्यात घालवली. वर लिहिलं की बंब त्यांच्या हातून जळला, दुसऱ्या कुणाच्याही नाही, आणि दुरुस्ती ते करून देत आहेत. खाली घरातल्या मोडतोडीची यादी, पुन्हा कुणावर खोटा आळ येऊ नये म्हणून. मी कंदील धरून त्यांच्याबरोबर खोलीखोलीतून फिरले. न्हाणीघराची फुटलेली फरशी. कंपौंडरांच्या खिडकीचं मोडकं बिजागर. वहिनींच्या खोलीत मागच्या भिंतीला छपरापर्यंत गेलेला तडा. गळणारी कौलं. मोरीची तुटलेली जाळी. काय आधीपासून मोडलेलं आहे, काय अलीकडे आणि कुणाच्या हातून, हे एकेक करून विचारून लिहिलं. कंपौंडरीणबाईंनी आपणहून सांगितलं की कडीकोयंडा त्यांच्याकडून निघाला. तिन्ही बिऱ्हाडांनी खाली सह्या केल्या. वहिनींना सही येत नव्हती. अण्णा अंगठ्यासाठी शाई आणायला उठले, तेव्हा थोरली म्हणाली, "मी शिकवते आईला." अर्धा तास गेला, पण वहिनींनी सही केली. वाकडी होती, पण नाव पूर्ण होतं.

एक प्रत शेठना पाठवली. त्यांनी ती घेतली नाही. दुसरी आम्ही दरवाजाच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवली.

महिनाअखेर शेठ कुलूप घेऊन आले. बरोबर त्या ठेकेदाराचा माणूस होता, खोली बघायला. वहिनी उंबऱ्यावर बसून मिरच्यांची देठं काढत होत्या. त्या उठल्या नाहीत. मी शाळेत गेले नव्हते, अण्णांनी कोर्टातून रजा काढली होती. कंपौंडरीणबाई वहिनींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनीही मूठभर मिरच्या पुढ्यात ओढल्या.

अण्णा म्हणाले, "शेठ, लढाईच्या दिवसांत भाडेकरूला असं काढता येत नाही, असं मी कोर्टात ऐकतो. खरं-खोटं तुम्ही वकिलाला विचारा. पण तुम्ही कोर्टात गेलात तर साक्षीला मी उभा राहीन, आणि बंबाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगीन. माझी अब्रू जायची ती जाईल."

ठेकेदाराच्या माणसाला मिरचीचा ठसका लागला. तो बाहेर जाऊन उभा राहिला. शेठ थोडा वेळ दाराच्या आत चिकटवलेला कागद वाचत राहिले, मग कुलूप खिशात घालून गेले. त्यानंतर भाडं त्यांचा मुनीम नेऊ लागला. वहिनींच्या भिंतीचा तडा त्यांनी शेवटपर्यंत बुजवला नाही.

गल्लीत मला नावं ठेवली गेली. एका बाईंनी तोंडावर सांगितलं की बापाला चव्हाट्यावर आणणाऱ्या मुलीला स्थळ मिळणं कठीण. मिळालं, पण उशिरा, आणि त्या बाईंना मी पत्रिका दिली नाही. अण्णांनी मात्र त्या प्रसंगाबद्दल मला पुन्हा कधी बोल लावला नाही. आमच्यात काही महिने अवघडलेपण राहिलं, ते हळूहळू गेलं, पूर्ण गेलं असं म्हणता येणार नाही.

लढाई संपल्यावर वहिनींचा नवरा परत आला आणि त्यांनी तिसगावला जायचं ठरवलं. थोरलीचं फायनलचं, म्हणजे सातवीचं, वर्ष होतं. मी म्हटलं, तिला आमच्याकडे ठेवा. वहिनींनी दोन दिवस विचार केला. मग तिची ट्रंक उचलून स्वतः आमच्या खोलीत आणून ठेवली. अण्णा खुर्चीवर बसले होते. वहिनी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अण्णा, अभ्यास केला न्हाई तर हिला मारा, माझं काय म्हननं न्हाई. पन चुकीचं काय केलं तर ते लपवायला तेवढं शिकवू नगा."

अण्णांनी चष्मा काढला. "नाही शिकवणार," ते म्हणाले.

"मग ठीक हाय," वहिनी म्हणाल्या आणि टांग्याकडे गेल्या.